भिंगरीची बाजू, कातळाची बाजू

लग्नाच्या टिपणात गण आणि नाडीच्या जागी सूर लिहायला लागून तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. मुलगी एम.एस्सी., उंची पाच-तीन, मुलाशी सूर एकाहत्तर, असं कुणी सांगितलं की ऐकणारा समाधानानं मान हलवायचा. सूर पन्नासच्या आत आला तर बोलणी चहावरच संपायची.

सूर म्हणजे काय, हे वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातल्या बायकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या मनगटाला आठवड्यातून दोनदा सूरपट्टी बांधली जायची. गोष्ट ऐकताना माणसाचं हृदय एका ठेक्यात चालत नाही. काही घडणार असं वाटलं की ते धावतं, सुटका झाली की सैलावतं. दोन माणसं दोन वेगळ्या खोल्यांत बसून तीच गोष्ट मन लावून ऐकत असतील, तर दोघांच्या ठोक्यांच्या रेघा एकीवर एक ठेवाव्यात इतक्या सारख्या निघतात, हे शास्त्रज्ञांना कळलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे उलटं वापरता येईल. ऐकणाऱ्यांच्या रेघा जुळल्या तर गोष्ट त्यांना खरी वाटली, फिसकटल्या तर वाटली नाही. माणसांच्या प्रत्येक जोडीचं साम्य काढायचं, सगळ्या जोड्यांची सरासरी घ्यायची, आणि शंभरपैकी एक आकडा पडद्यावर दाखवायचा. तो सूर.

आधी हा आकडा श्राव्यकथा विकणाऱ्या कंपन्यांनी वापरला, मग लग्न जुळवणाऱ्यांनी. वधूवरांना शेजारी बसवून वीस मिनिटांची एक ठरावीक गोष्ट ऐकवायची आणि आकडा बघायचा. पोटात काय आहे ते मनगटावर दिसतं, असं लोक म्हणू लागले.

शर्वरी पेडणेकर याच कारखान्यात काजूची साल काढायला लागली होती. काजू वाफवायचं आणि फोडायचं काम यंत्रं करत. पण यंत्रानं अर्धवट सोललेला गर शेवटी बाईच्या नखाखालूनच जायचा, आणि त्याची प्रतवारीही बाईच्या डोळ्यांनीच व्हायची. चौतीस बायका, दोन लांब टेबलं, हात सतत गुंतलेले आणि कान दिवसभर मोकळे. शर्वरीचा आवाज चांगला, म्हणून तिला कुणी तरी वाचायला बसवलं. हाताशी होती ती पुस्तकं सहा महिन्यांत संपली, तेव्हा तिनं एका दुपारी तोंडाला येईल ते सांगायला सुरुवात केली. ते बायकांना पुस्तकांपेक्षा जास्त आवडलं. पुढे पुण्याच्या 'कथाघर' कंपनीला तिचा पत्ता लागला आणि शर्वरीची अद्भुतकथा मंगळवारी नि शुक्रवारी कारखान्यातच ध्वनिमुद्रित व्हायला लागली. चौतीस जणी कामाला बसलेल्या, मनगटाला पट्टी, आणि खुर्चीवर शर्वरी. तिची अडीच वर्षांची इरा बऱ्याचदा तिच्या पायाशी पोत्यावर झोपलेली असे. इरा झोपेल तेवढ्या वेळात लिहायचं आणि उठेल तेव्हा थांबायचं, हा शर्वरीचा लिहिण्याचा एकमेव नियम होता.

तिच्या कथेत दोन कुळं होती. एक पाखरकुळ. ते उडायचं, अखंड बोलायचं, आणि दरवर्षी आषाढात त्यांची पिसं झडली की पिसांबरोबर सगळ्या वर्षाच्या आठवणीही झडून जायच्या. दुसरं पाषाणकुळ. ते हजार वर्षं जगायचं, काही म्हणजे काही विसरायचं नाही, आणि दिवसाला एकच वाक्य बोलू शकायचं. दुसरं वाक्य काढलं तर अंगाला तडा जायचा. पाखरकुळातली भिंगरी आणि पाषाणकुळातला कातळ यांचं प्रेम जमवायचं, असं शर्वरीनं ठरवलं होतं. कथाघरातला तिचा संपादक समीहन हे ऐकून खूष झाला होता. इतकी वेगळी माणसं आणा, पण ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

नवव्या भागात तिनं त्यांना प्रेमात पाडलं. पौर्णिमा होती, सड्याच्या उघड्या खडकाळ माळावर वारा होता, भिंगरी दमून एका शिळेवर टेकली, शिळेनं डोळे उघडले, आणि झालं. सूर आला एकेचाळीस.

शर्वरीला धक्का बसला. चहाच्या सुट्टीत ती प्रतवारीच्या टेबलाशी गेली. तिथे सुमतीकाकी बसायच्या, वय साठीचं, बोटांत अख्खा गर, पाकळी आणि तुकडा न बघता ओळखण्याची कला.

"गो, तो तिका आवडलो खयसून?" काकींनी विचारलं. "तो नुसतो बसान रवता नि ही नुसती बडबडता. हेच्यात प्रेम खय आसा?"

शर्वरीनं चांदण्याचं सांगून बघितलं. काकी म्हणाल्या, चांदणं सगळ्यांवर पडतं.

यात मशीनची काही चूक नव्हती, हे शर्वरीनं प्रामाणिकपणे मान्य केलं. दोन माणसं वेगळी आहेत असं तिनं नुसतं सांगितलं होतं. त्या वेगळेपणानं कुणाचं काही अडलं नव्हतं, कुणाचं काही गेलं नव्हतं. तिनं तो भाग फाडला आणि नव्यानं लिहिला. नव्या भागात भिंगरी रानभर हिंडून बिया आणते आणि खेळता खेळता कातळाच्या अंगावरच्या भेगांत टाकून देते. तिला ते शोभेचं वाटतं. पाषाणकुळाला मात्र मुळांइतकी भीती कशाचीच नसते, कारण शंभर-दोनशे वर्षांत मूळ दगडाला उभा चिरतं. कातळ काही बोलत नाही. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. भिंगरीला वाटतं, याला आपण नकोसे झालो. बाराव्या दिवशी कातळ त्याचं त्या दिवसाचं एकमेव वाक्य बोलतो: डावीकडच्या रोपाला पाणी कमी पडतंय.

टेबलावरचे हात थांबले. सूर अठ्ठ्याहत्तर आला, आणि समीहननं पुण्याहून पेढे पाठवले.

पुढचे भाग भराभर झाले. भिंगरी आणि कातळ यांचं लग्न लागलं, कारखान्यात त्या दिवशी कुणी तरी खरोखरच गूळ-खोबरं वाटलं. आणि मग कथेत आषाढ आला. भिंगरीची पिसं झडली. नव्या पिसांची भिंगरी उठली, उडाली, सड्यावरच्या एका ओळखीच्या नसलेल्या शिळेवर सहज टेकली. शिळा म्हणजे कातळच होता, आणि तो जागा होता. त्यानं तिला आता सांगायचं का, की तू माझी बायको आहेस?

तिथे शर्वरीनं भाग थांबवला. सूर आला एकोणीस.

पुढच्या शुक्रवारच्या भागात कातळ सांगायला तोंड उघडत राहिला नि मिटत राहिला. सूर अकरा.

समीहनचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात पेढे नव्हते. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की आता शेवटचा भाग उरलाय. सूर साठच्या वर आला नाही तर करारातलं अकरावं कलम लागू होईल, आणि शेवट कंपनीचं लेखनयंत्र लिहील. यंत्रानं सुचवलेला शेवट त्यानं पाठवूनही दिला. डोंगरात स्मरणवल्ली नावाची वेल असते, कातळ ती भिंगरीला खाऊ घालतो, तिला सगळं आठवतं, पुढे कधीच काही विसरत नाही. तिच्या संगतीनं कातळही भरभरून बोलायला शिकतो. अंदाजे सूर ब्याऐंशी.

"म्हणजे दोघं सारखीच झाली की," शर्वरी म्हणाली.

"लोकांना तेच आवडतं, शर्वरीताई," समीहन म्हणाला. "गेल्या दोन वर्षांत ऐंशीच्या वर गेलेल्या सगळ्या प्रेमकथा बघा. शेवटी दोघं सारखीच झालेली असतात. हे मी म्हणत नाही, आकडा म्हणतो."

शर्वरी एरवी असल्या बोलण्यानं डगमगणारी नव्हती. पण त्याच रविवारी तिनं एक गोष्ट केली होती, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. कारखान्यातल्या दोन पट्ट्या घरी आणून तिनं एक स्वतःच्या आणि एक नवऱ्याच्या मनगटाला बांधली होती.

भूषण शिंत्रे घाटावरचा, गडहिंग्लजचा. कारखान्याचा बॉयलर तो सांभाळायचा. शर्वरी एका श्वासात चार वाक्यं बोलायची आणि भूषण चार श्वासांत एक. तिला समुद्राशिवाय झोप यायची नाही, त्याला लग्नाला सहा वर्षं होऊनही माशाचा काटा नीट काढता यायचा नाही. हा मुलगा हिला कसा पटला, असं शर्वरीच्या मामेबहिणी अजूनही एकमेकींना विचारत. त्यांच्या लग्नाच्या वेळी सूर निघालेला नव्हता, म्हणून निभावलं असं त्या थट्टेनं म्हणत. रविवारी दुपारी इरा झोपल्यावर दोघांनी शर्वरीच्याच कथेचा, भिंगरी शिळेवर टेकते तो भाग ऐकला. भूषण डोळे मिटून ऐकत होता. भाग संपला. पडद्यावर आकडा आला: शून्य.

तिनं पटकन पडदा पुसला आणि पट्टी बिघडली असं सांगितलं. भूषणनं "बरं" म्हटलं आणि तो इराचे कपडे वाळत घालायला गेला.

त्या शून्यानं शर्वरीला पोखरलं. सहा वर्षांच्या संसारात जिला नवऱ्याशी एक ठोका जुळवता आला नाही, तिनं दगड आणि पाखरू यांचं प्रेम लिहायला बसावं, हे तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटू लागलं. निदान शेवट तरी आपल्या हातचा असावा म्हणून तिनं स्मरणवल्लीचा शेवट स्वतःच लिहायला घेतला. यंत्रापेक्षा चांगला लिहिला. मंगळवारी तो चाचणी म्हणून बायकांना वाचून दाखवला.

हात भराभर चालत राहिले. कुणी मध्ये बोललं नाही. सूर त्र्याऐंशी आला.

आणि चहाच्या सुट्टीत त्याबद्दल एक अवाक्षर कुणी काढलं नाही. काकी म्हणाल्या, छान झाली, आणि चारची एसटी आज येणार आहे की नाही ते विचारलं. खिडकीकडच्या टेबलावरची रेश्मा, जी गेले पंधरा दिवस भिंगरीवरून काकींशी हमरीतुमरीवर येत होती, ती मोबाइलवर भावाच्या मुलाचे फोटो दाखवत बसली. शर्वरी रिकामा कप हातात धरून उभी राहिली. अकरा आकडा आला होता त्या शुक्रवारी चहा कुणी प्यायलाच नव्हता. दोन्ही टेबलं उभी राहून भांडत होती. बायलेक आठवत नाय म्हणान घोवान गप रवाचा काय, असं काकी टेबलावर हात आपटून म्हणत होत्या. आणि रेश्मा म्हणत होती की दरवर्षी तिना परत हो म्हणाक व्हया, नायतर ता हो कसला. इतकंच नाही. लग्नात असतात तशा त्या मुलीकडच्या नि मुलाकडच्या झाल्या होत्या, एकमेकींना उखाण्यात टोमणे मारत होत्या, आणि भिंगरीची बाजू घेणाऱ्या खिडकीकडे, कातळाची बाजू घेणाऱ्या भिंतीकडे अशा सकाळपासूनच जागा बदलून बसल्या होत्या. मुकादमानं जागा बदलू नका असं दोनदा सांगितलं, तर त्यालाच विचारलं गेलं, तू कुणाकडचा.

हे जर गोष्ट न पटल्याचं लक्षण असेल, तर पटल्याचं कसं असतं?

करारात लेखकाला प्रत्येक ऐकणाऱ्याची कच्ची रेघ बघण्याचा हक्क होता. शर्वरीनं तो कधी वापरला नव्हता. त्या दुपारी इराला मांडीवर घेऊन तिनं अकरावाल्या शुक्रवारची फाइल उघडली. चौतीस रेघा एकात एक गुंतलेल्या. रानातल्या जाळीसारखा नुसता गुंता. तिला त्यातून काहीच कळेना. सुमतीकाकी मागून येऊन बघत होत्या.

अख्खे, पाकळ्या नि तुकडे एकाच टोपलीत घालून वर भाव विचारलास तर काय सांगू, असं काकी म्हणाल्या. आधी निवड.

शर्वरीनं निवडल्या. फाइलमध्ये रेघा बसण्याच्या क्रमांकानं होत्या. तिनं खिडकीकडच्या एकोणीस एका बाजूला घेतल्या, भिंतीकडच्या पंधरा दुसऱ्या बाजूला. एकोणीस रेघा एकीवर एक अशा पडल्या होत्या की जणू एकाच बाईची रेघ जाड करून काढली होती. पंधरांचंही तेच. पण एका पुंजक्यात जिथे शिखर होतं तिथे दुसऱ्यात दरी होती. कातळ तोंड उघडायला जातो तिथे खिडकीकडची काळजं धास्तीनं धावली होती आणि भिंतीकडची सुटकेनं सैलावली होती. कातळ गप्प राहतो तिथे बरोबर उलट. दोन फण्यांचे दात एकमेकांत बसावेत तसं.

तिनं पुंजक्यांचे सूर वेगळे काढले. दोन्ही ऐंशीच्या घरात. एका पुंजक्यातली बाई नि दुसऱ्यातली बाई अशी जोडी घेतली की आकडा यायचा उणे छप्पन्नच्या आसपास.

उणे आकडा तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. तिनं समीहनला फोन लावला. समीहननं जरा ओशाळून सांगितलं की गणितात उणे असतंच. दोन रेघा सारख्या असतील तर अधिक, अगदी उलट असतील तर उणे, आणि एकमेकींशी काही देणंघेणं नसेल तर शून्य. पण सुरुवातीला कुणी तरी ठरवलं की गिऱ्हाइकाला उण्याचं चिन्ह आवडत नाही, म्हणून पडद्यावर शून्याच्या खालचं काही दाखवायचंच नाही. आणि सरासरीत अधिक नि उणे एकमेकांना खाऊन टाकतात, हे पुढे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

"म्हणजे तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांचं एकमत मोजत होता," शर्वरी म्हणाली. "आणि त्याला विश्वास म्हणत होता. समीहन, जी गोष्ट खोटी वाटते तिच्यावरून कुणी भांडत नाही रे."

समीहन माणूस वाईट नव्हता. त्यानं रेघा स्वतः तपासल्या आणि संध्याकाळच्या आत उलटा फोन केला. वरिष्ठांकडून त्यानं एक सवलत मिळवली होती. शेवटच्या भागाला दोन्ही बाजूंचे सूर वेगवेगळे मोजायचे, आणि दोन्ही साठच्या वर आले तर शेवट शर्वरीचा. एक जरी खाली आला तर स्मरणवल्ली. त्यानं हेही सांगितलं की हे वाटतं त्याहून अवघड आहे. शेवट म्हटला की एक बाजू जिंकते, आणि जी हरते ती ऐकायचं सोडून देते.

शर्वरीनं फोन ठेवला, इराला काकींकडे दिलं आणि ती थेट बॉयलरघरात गेली. भूषण काचेच्या नळीतली पाण्याची पातळी वहीत लिहीत होता. तिनं रविवारची फाइल उघडून त्याच्यासमोर धरली. उणे अठ्ठावन्न.

"मी तुला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "पट्टी बिघडली नव्हती. आपला सूर शून्य आला होता. खरं तर तो शून्य नव्हता, हा होता."

त्यानं आकडा बघितला. "उणे म्हणजे वाईट?"

तिनं सगळं सांगितलं. ज्यांना गोष्टीशी देणंघेणंच नाही ती माणसं शून्याला येतात. उणे येण्यासाठी दोघांनी सारख्याच जिवाच्या आकांतानं ऐकावं लागतं, फक्त दोन टोकांवरून. भूषणनं ते मनात नीट बसवून घेतलं, त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा घेऊन. मग त्यानं बॉयलरकडे हात केला.

"पाणी उतरतं तेव्हा दाब चढतो," तो म्हणाला. "बॉयलर एकच हाय."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं विचारलं, तू कुणाकडचा? कारखान्यातल्या सगळ्या बायका कातळाला भूषणभावजी म्हणून चिडवत, तेव्हा त्याचं उत्तर ती गृहीत धरून होती.

"भिंगरीच्या बाजूचा," भूषण म्हणाला.

आणि मग तिला कळलं की आपण इतके दिवस, बडबड्या आपण, त्या मुक्या दगडाच्या बाजूनं लिहीत होतो. भूषणनं त्या दिवशी तिला लग्नानंतर ऐकवलं नव्हतं एवढं ऐकवलं. दरवर्षी कुणी तरी येऊन सांगणार की तू आधीच हो म्हणालीस, तर त्या पोरीनं नाही कधी म्हणायचं? वचन दिलं ती गेल्या वर्षीची भिंगरी, ही नव्हे. शर्वरी उसळून म्हणाली की मग त्याचं काय? सगळं लग्न त्यानं एकट्यानं आठवत बसायचं, आणि वर तोंडही उघडायचं नाही? आठवण त्याची आहे ना?

"आठवण त्याची हाय," भूषण म्हणाला. "कबूल. पण वचन तिचं हाय. तुझा कातळ दोन्ही एकाच गठड्यात बांधतोय."

बॉयलरची शिट्टी झाली. शर्वरी तिथंच पायरीवर बसली आणि तिनं त्याच्याकडून वहीचं मागचं पान मागून घेतलं.

शुक्रवारी चौतीस जणी पट्ट्या बांधून बसल्या. समीहन पुण्याहून स्वतः आला होता आणि दाराशी स्टुलावर पडदा घेऊन बसला होता. भूषण बॉयलर मदतनिसावर सोपवून खिडकीबाहेर उभा राहिला. शर्वरीनं वाचायला सुरुवात केली.

नवी भिंगरी शिळेवर टेकलेली आहे. ती वाऱ्याबद्दल बोलते, पावसाबद्दल बोलते, या शिळेच्या भेगांत इतकी झाडं कुणी लावली असतील असं स्वतःलाच विचारते. कातळ ऐकतो. त्याच्याजवळ आजचं एक वाक्य आहे. तू माझी बायको आहेस, असं तो म्हणू शकतो. ते खरं आहे, आणि ते ऐकून ती थांबेल, कारण पाखरकुळ दिलेला शब्द मोडत नाही. तो गप्प राहू शकतो, मग ती उडून जाईल, आणि ते तिचंच असेल. खिडकीकडच्या कुणी तरी श्वास रोखला. भिंतीकडे काकींच्या बोटांतला गर तसाच राहिला. सूर्य कलला, भिंगरीनं पंख झाडले, ती निघाली. तेव्हा कातळ बोलला:

"मला तू आठवतेस, तुला मी नाही आठवलो तरी चालेल."



भिंगरी अर्ध्या उड्डाणातून वळली. म्हणजे काय, तिनं विचारलं. मी कोण होते? इथे यायचे का मी? कशी होते? कातळानं तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं नाही, कारण आजचं वाक्य संपलं होतं. भिंगरीनं आणखी चार वेळा विचारलं, रागावली, शिळेवर चोच आपटली, आणि निघून गेली. कातळ रात्रभर जागा होता. ती येईल की नाही हे हजार वर्षांच्या सगळ्या आठवणींत कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पुढचं काही माहीत नव्हतं. सकाळी ऊन वर आलं. मग आणखी वर आलं. दुपारी उशिरा, दुसरीकडे जाता जाता इथून जात्ये असं दाखवत भिंगरी शिळेवर टेकली आणि म्हणाली, "हं. बोल."

शर्वरीनं वही मिटली.

मग रेश्मा डोळे पुसत म्हणाली, ती वचनासाठी नाही परत आली, तिला जाणून घ्यायचं होतं म्हणून आली, म्हणजे आम्ही जिंकलो. काकी ताडकन उभ्या राहिल्या. जिंकलात कशी, तेना सांगल्यानच मा तिका, तोंड उघडल्यान मा तेना. दोन्ही टेबलं एकदम उठली. आता तो काय बोलेल यावरून भिंतीकडच्यांतच दोन तट पडले, आणि मुकादम हात जोडून फिरू लागला.

समीहननं पडदा शर्वरीकडे वळवला. खिडकीकडच्या एकोणऐंशी. भिंतीकडच्या ब्याऐंशी. दोन्ही साठच्या कितीतरी वर. खाली सगळ्यांचा मिळून एक आकडा होता: चौदा.

शेवट तुमचाच राहिला, असं समीहन म्हणाला, आणि जरा खाकरला. दुकानात मात्र प्रत्येक कथेवर एकच आकडा छापायची पद्धत आहे, ती तो एका दिवसात बदलू शकत नव्हता. चौदा आकड्याची कथा कोण घेणार? त्यानं सुचवलं की आकड्याची जागा कोरी ठेवू या, काही तरी कारण सांगता येईल.

"चौदाच छाप," शर्वरी म्हणाली. "आणि खाली लिही की ही गोष्ट एकट्यानं ऐकू नये."

समीहननं ते लिहून घेतलं. भांडण इतक्यात मिटायची चिन्हं नव्हती, तेव्हा शर्वरीनं झोपलेल्या इराला खांद्यावर घेतलं आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली. भूषण सोबत चालू लागला. काजूच्या टरफलांच्या ढिगाला वळसा घालून ते खाडीकडच्या रस्त्याला लागले. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि तिनंही आज घाई केली नाही. पुलाशी आल्यावर त्यानं इराला तिच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं.

"दुसऱ्या दिवशी तो तिला झाडांचं सांगेल," भूषण म्हणाला. "ही तू लावलीस म्हणून."

"मुळीच नाही," शर्वरी म्हणाली. "तो नाव सांगेल."

"नाव तिला माहीत असणार की."

"तिचं नव्हे. तिनं त्याला ठेवलेलं."

पट्टी दोघांच्याही हाताला नव्हती. भूषणनं निम्मा पूल ओलांडेपर्यंत विचार केला आणि सांगितलं की त्याला हे अजिबात पटलेलं नाही, आणि का पटलेलं नाही हे सांगायला घर येईपर्यंतचा वेळ पुरायचा नाही. शर्वरीनं पुलाच्या कठड्याला टेकून त्याला वाट करून दिली आणि ती म्हणाली, मग लांबच्या रस्त्यानं जाऊ.